कोलेजनचा डबा विकताय? आधी मागची बाजू वाचा

आज आधी माझीच एक चूक दुरुस्त करतो. गेल्या वर्षी जास्त मार्जिनच्या मालावर व्हिडिओ केला होता, त्यात मी कोलेजन पावडरचं नाव घेतलं होतं. जागा कमी लागते, माल नासत नाही, मार्जिन किराण्याच्या कितीतरी पट. हिशोब बरोबरच होता. पण मी तुम्हाला डब्याची फक्त पुढची बाजू दाखवली.

झालं असं की आमच्या डोणगावच्या दुकानात नेहमी येणाऱ्या एक मावशी आहेत. गुडघ्यांनी बेजार. मी म्हटलं, हा डबा न्या, रोज एक चमचा दुधातून घ्या. मी काय डॉक्टर आहे? बीबीए केलंय! पंधरा दिवसांनी नातवानं मागचं बारीक अक्षर वाचलं आणि मावशी डबा घेऊन काउंटरवर. "भाऊ, माह्या गळ्यात माळ हाये. तुले दिसत नाही काय?"

डब्यावर तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण होता. घटकांमध्ये माशाचं कोलेजन लिहिलेलं होतं. मी पैसे परत दिले. पंधरा दिवसांचं काय परत देणार?

तर पहिली गोष्ट. कोलेजन हे प्राण्याच्या शरीरातलंच प्रथिन आहे. माशाची कातडी-खवले, जनावरांची कातडी-हाडं, कोंबडी, डुक्कर, यांतूनच ते काढतात. हिरव्या ठिपक्याचा जो 'व्हेज कोलेजन' डबा मिळतो, त्यात बहुतेक वेळा व्हिटॅमिन सी, अमिनो आम्लं, वनस्पतींचे अर्क असतात. कोलेजन नसतं. तेव्हा माळकरी, जैन, उपासाचं गिऱ्हाईक समोर असेल तर आधी हे सांगायचं, मग भाव.

आता सुरक्षिततेचं. घाबरवायचं म्हणून बोलत नाही. धडधाकट माणसाला ठरलेल्या मात्रेत कोलेजननं सहसा मोठा त्रास होत नाही. पोट जड होणं, गॅस, जुलाब किंवा बद्धकोष्ठ, तोंडाला मासळीची चव, एवढंच बहुतेकांचं असतं. पण मासळीची ॲलर्जी असलेल्याला माशाचा डबा दिला तर अंगावर पित्त उठण्यापासून श्वास अडकण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. मुतखडा होऊन गेलेल्यानंही जपावं. कोलेजनमधल्या हायड्रॉक्सीप्रोलीनचं शरीरात ऑक्झलेट बनतं आणि बरेच खडे ऑक्झलेटचेच असतात.

किडनीचं तर आपल्या जिल्ह्यात वेगळं सांगायला नको. घाटाखाली शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हा खारपाणपट्टा. तिथले किडनीचे पेशंट आपण सगळ्यांनी पाहिलेत. त्यांना डॉक्टर प्रथिनं मोजूनमापून खायला सांगतात. अशा घरात आपण 'प्रोटीन आहे, ताकद येईल' म्हणून डबा देतो. शिवाय हे पूर्ण प्रथिनही नाही, ट्रिप्टोफॅन त्यात नसतंच. ताकदीसाठी डाळ-भात, अंडं, दूध बरं.

आणि डब्यात नुसतं कोलेजन कुठे असतं? केस-त्वचा-नखं म्हणून जे विकतात, त्यात बायोटिन, झिंक, कधी सेलेनियमही घालतात. सेलेनियम म्हटलं की मला शेगाव तालुक्यातली बोंडगाव, कालवड, हिंगणा ही गावं आठवतात. डिसेंबर २०२४ पासून तिथं लोकांचे केस मुठीनं गळले, पुढे काहींची नखंही गेली. तपासणीत रक्तात सेलेनियम जास्त निघालं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. डब्याचा त्या प्रकरणाशी काही संबंध नाही, गैरसमज नको. पण केस वाढावेत म्हणून जो घटक खातो तोच जास्त झाला तर केस घालवतो, हे आपल्याच जिल्ह्यात दिसलं. दोन-तीन डबे एकदम चालू करणारं गिऱ्हाईक आलं की मी आता थांबवतो. बायोटिनची तर आणखी एक भानगड आहे. त्याच्या मोठ्या डोसनं थायरॉइडचा आणि हार्ट अटॅकच्या ट्रोपोनिनचा रिपोर्ट चुकू शकतो. अमेरिकेच्या एफडीएनं २०१७ मध्येच तसा इशारा दिला होता. रक्त द्यायच्या आधी लॅबवाल्याला सांगा, एवढं तरी आपण बोलू शकतो.

फायदा होतो का, असं विचाराल. २०२५ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये त्वचेवरच्या २३ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. सगळ्या धरल्या तर फायदा दिसला. कंपन्यांचा पैसा नसलेल्या तेवढ्या वेगळ्या काढल्या तर दिसला नाही. डिस्ट्रिब्युटर आपल्याला कोणता कागद दाखवतो ते समजून घ्या.

काही जण म्हणतील, दादा, पॅकबंद माल आहे, जबाबदारी कंपनीची. अर्धं खरं आहे. अन्न सुरक्षा कायदा २००६ चं कलम २७ विक्रेत्यावरही जबाबदारी टाकतं: मुदत संपलेला माल, चुकीच्या लेबलचा माल, कुणाकडून घेतला ते सांगता न येणारा माल. म्हणजे बिलाशिवाय आलेला स्वस्त डबा घेऊच नका. आणि कलम २४ मध्ये तोंडी केलेला खोटा दावाही येतो. 'गुडघे बरे होतील' हे व्हॉट्सॲप स्टेटसला टाकलं तर ती जाहिरात झाली, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दंड १० लाखांपर्यंत आहे. अशा डब्यावरच लिहिलेलं असतं की हे औषधी वापरासाठी नाही. आपण मात्र नेमकं औषध म्हणूनच विकतो. बचत गटाच्या ज्या ताई साखळी कंपनीचे डबे विकतात, त्यांनी हे दोनदा वाचा.

मी माल बंद केला का? नाही. दोन प्रकार ठेवलेत, एक माशाचा, एक चिकनचा, दोन्हींवर मराठीत मोठं लिहून. डबा देताना चार प्रश्न विचारतो: मांसाहार चालतो का, मासळीची ॲलर्जी आहे का, किडनी किंवा खड्याचा त्रास आहे का, घरी कुणी गरोदर किंवा अंगावर पाजणारी आहे का. एकाचंही उत्तर अडलं तर आधी डॉक्टर. विक्री निम्म्यावर आली, खोटं कशाला बोलू. डिस्ट्रिब्युटरनं स्कीम काढून घेतली, सहा डबे परत घ्यायला तयार नाही, त्यांची मुदत दोन महिन्यांत संपतेय.

तो जुना व्हिडिओ मी काढलेला नाही. खाली पहिल्या कमेंटमध्ये या लेखाची लिंक लावलीय. मावशी किराणा अजून आमच्याकडूनच नेतात, पण आता बिस्किटाचा पुडासुद्धा नातवाकडून वाचून घेतात.