तुलसीदास बलराम कुठला?

'मैदान' हा चित्रपट २०२४ साली आला आणि आपल्याकडच्या नव्या पोरांना हैदराबादच्या सय्यद अब्दुल रहीम यांचे नाव कळले. चांगले झाले. पण रहीमसाहेबांनी घडवलेल्या एका खेळाडूबद्दल मला आज लिहायचे आहे. त्याचे नाव तुलसीदास बलराम.

सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा गावातल्या गरीब तमिळ कुटुंबातला हा मुलगा. सरावाला हैदराबादला रोज यायचे कसे? रहीमसाहेबांनी भाड्याच्या सायकलीसाठी पैसे दिले. १९५६ साली तो मेलबर्न ऑलिम्पिकच्या भारतीय चमूत होता. १९५६-५७ ची संतोष ट्रॉफी हैदराबादने जिंकली, त्या संघातही होता. लगेच १९५७ साली कोलकात्याच्या ईस्ट बंगालने त्याला नेले, आणि पुढची संतोष ट्रॉफी त्याने जिंकली ती बंगालकडून! १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये त्याने हंगेरी आणि पेरू या दोघांवर गोल केले. १९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळाले. १९६३ साली फुफ्फुसाच्या आजाराने गाठले आणि ऐन सत्ताविशीच्या आसपास खेळ संपला.

पुढचे आयुष्य त्याने कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात काढले. चुनी गोस्वामी, पी. के. बॅनर्जी आणि बलराम ही त्रयी. पहिल्या दोघांना पद्मश्री मिळाली, याला अर्जुन पुरस्कारावरच थांबावे लागले. १६ फेब्रुवारी २०२३ रोजी तो गेला.

आता सांगा, बलराम कुठला? हैदराबादने त्याला घडवले पण ठेवले नाही, बंगालने ठेवले पण आपला म्हणून त्याच्यासाठी कोण भांडले? सरकारी कचेरीत दोन खात्यांच्या मध्ये अडकलेल्या फायलीचे जसे होते, तसेच हे झाले.

हैदराबादचे तेव्हाचे बळ कशात होते ते पाहा. हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. पोलिसातली नोकरी म्हणजे घरची चूल पेटण्याची हमी, आणि वर रहीमसाहेबांसारखा गुरू. जून १९६३ मध्ये रहीमसाहेब वारले आणि हैदराबादचा फुटबॉल उतरणीला लागला. एका माणसावर उभे केलेले घर त्या माणसाबरोबरच खचते.

नंतर पैशाने घर बांधायचा प्रयोग झाला. पुण्याचा संघ बंद पडला आणि २०१९ साली त्याच्या जागी हैदराबाद एफसी आला. मार्च २०२२ मध्ये तो आयएसएल विजेता ठरला, तोही आपल्या फातोर्ड्याच्या मैदानावर. आणि २०२५ साली तो दिल्लीला गेला! चषक मिळाला, पण गाव मिळाले नाही.

आपण हसू नये. आसगावचा नेव्हिल डिसोझा, ज्याने मेलबर्नला ऑस्ट्रेलियावर तीन गोल केले, आणि कोलवाळचा फॉर्च्युनाटो फ्रांको, जो जकार्तात बलरामबरोबर खेळला, दोघेही मुंबईला टाटांच्या संघात होते. फ्रांको पुढे गोव्यात आला तो साळगावकरकडून खेळायला. म्हणजे इथे दार उघडे असले की माणूस येतो. पण २०१६ साली साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग या तिघांनीही आय-लीगमधून अंग काढून घेतले. धेंपो पुन्हा परतला, हे त्यातल्या त्यात समाधान.

माझे म्हणणे साधे आहे. खेळाडू बाहेर गेला तर जाऊ द्या, त्याने जावेच. पण त्याला परत यायला जागा हवी: खात्यात नोकरी, चालू असलेली स्थानिक लीग, गावच्या मैदानावर पोरांना शिकवायचे काम. मेल्यावर पद्मश्रीची मागणी करणे सोपे असते. जिवंतपणी 'हा आमचा' म्हणणे खर्चाचे असते, आणि तो खर्च गोव्याने करावा.