निळसर उजेडाच्या पहिल्या विजेऱ्या

एलईडी विजेऱ्या जमवणारे पहिल्या विजेरीची आठवण काढतात तेव्हा गोष्ट बहुधा रंगावर येते: उजेड पांढरा म्हणून विकला जाई, पण भिंतीवर मधोमध निळसर आणि कडेला पिवळट दिसे. दोष विजेरीचा नव्हता, एलईडीच्या घडणीचा होता. जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी १९९३मध्ये प्रखर निळा एलईडी साकारला. १९९६मध्ये कंपनीने त्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या फॉस्फरचा थर देऊन पांढरा एलईडी आणला. थर कमीजास्त झाला की रंग बदले. दुसरी अडचण व्होल्टेजची. या एलईडीला साधारण साडेतीन व्होल्ट लागतात आणि नेहमीचा सेल दीडच देतो. अमेरिकेतल्या फोटॉन मायक्रो-लाइट या किल्ल्यांच्या जुडग्यातल्या चिमुकल्या दिव्याने चपटे बटन सेल वापरून वाट काढली. ‘आर्क एएए’ या विजेरीने मात्र रिमोटमधल्या बारीक सेलमागे व्होल्टेज वाढवणारं सर्किट बसवलं, आणि बोटाएवढ्या ॲल्युमिनियमच्या नळीतली ही कारागिरी त्या काळातली सर्वांत सुंदर म्हणावी अशी आहे. तिचा उजेड आजच्या मोबाइलपुढेही फिका पडेल. पण तोवरच्या विजेरीतला तंतूचा बल्ब हातातून पडला की जायचा, हा एलईडी टिकायचा. सेल संपत आला तरी मंद तेवत राहायचा. पुढे एक वॉटचा लक्सिऑन नावाचा एलईडी आला, उजेड कितीतरी वाढला, तरी एकाच मॉडेलच्या दोन विजेऱ्यांत एक हिरवट तर दुसरी जांभळट निघे. संग्राहक त्याला लक्सिऑनची लॉटरी म्हणत आणि मनासारखी छटा मिळेपर्यंत तीच विजेरी पुन्हा विकत घेत.