पांढऱ्या रेघेचे देणे

अगरच्या थरात एक पांढरी रेघ उमटली. एका बाजूला हिमोफिलियाच्या रुग्णाचा रक्तद्रव, दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी माणसाचा. संशोधक बरूच ब्लुमबर्ग यांना त्या रेघेतूनच हिपॅटायटिस बीच्या विषाणूचा माग लागला. १९७६ मध्ये नोबेलही मिळाले.

त्या आदिवासींच्या पदरात काय पडले?

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात त्यांच्यामध्ये या विषाणूचा ‘सी४’ हा खास उपप्रकार आढळतो. सी गटात यकृताच्या कर्करोगाचा धोका अधिक. प्रचलित लशी मात्र बहुतांशी ‘ए२’ या उपप्रकारावर बेतलेल्या. लस तिथेही उपयोगी आहे, प्रत्येक बाळाला ती मिळायलाच हवी. पण सी४ आणि ए२ यांच्या आवरणात फरक आहे आणि त्याचा कसून अभ्यास हा आदिवासींचा हक्क आहे. डार्विन शहरातल्या मेन्झिस आरोग्य संशोधन संस्थेने आजाराची माहिती योल्ङू या आदिवासी भाषेत, मोबाइल ॲपवर आणली. सुरुवात चांगली आहे.