सोपविलेला अधिकार



चौकात उभा असलेला वाहतूक पोलीस पुष्कळांना कायद्याचा धनीच वाटतो, आणि क्वचित त्यालाही तसाच भ्रम होतो. वस्तुतः तो केवळ कारभारी होय. कोणत्या अधिकाऱ्याने कोणता अपराध किती रक्कम घेऊन तडजोडीने मिटवावा, हे मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २०० अन्वये राज्य सरकार राजपत्रातील अधिसूचनेद्वारे ठरविते. आणि ज्यास अधिसूचना काढता येते, त्यास ती फिरविता वा रद्दही करता येते, असे १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचे कलम २१ सांगते. तात्पर्य, जो अधिकार सोपविला, तो परतही घेता येतो.

मग जेथे दंडाच्या पावतीऐवजी चिरीमिरी चालते, तेथे हा अधिकार काढूनच का घेऊ नये? जॉर्जिया देशाने २००४ साली तसे केले. तेथील वाहतूक पोलीस लाचखोरीबद्दल कुप्रसिद्ध होते. सरकारने सुमारे १६ हजार जणांना एकदम घरी बसविले. परंतु तेथेच न थांबता नवी माणसे पारखून घेतली, त्यांना शिक्षण दिले, पोटापुरते वेतन दिले आणि नवे गस्ती पोलीस दल उभारले. या दुसऱ्या पायरीमुळेच पहिली सार्थकी लागली.

हे विसरून चालणार नाही. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. भ्रष्ट हातातील अधिकार काढून घेतला, पण तो दुसऱ्या कोणाच्याही हाती दिला नाही, तर बेफाम वाहनचालकास रान मोकळे होईल आणि त्याची किंमत पादचारी आपल्या प्राणांनी देईल.

कायदा राखणाऱ्याने स्वतःच तो मोडल्यास त्यास दुप्पट दंड व्हावा, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने कलम २१० ब मध्ये केली आहे. ती न्याय्यच आहे. मात्र लाच एका हाताने होत नाही. २०१८ पासून लाच देणाराही कायद्याने अपराधी ठरतो; बळजबरीने द्यावी लागलेल्याने सात दिवसांच्या आत तक्रार केल्यास तेवढी त्यास सूट आहे. तेव्हा अधिकाऱ्याचा अधिकार काढा, अशी मागणी अवश्य करावी. पण चूक आपली असेल, तर मुकाट्याने पूर्ण दंड भरून पावती मागून घ्यावी. खिशातील नोट पुढे करणाऱ्यास ती मागणी शोभत नाही.