उचल त्याच्या हाती, बांधील ती

1999 साली फेब्रुवारीत महाराष्ट्रात मोक्का हा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा आला आणि त्याच वर्षी 1 मे रोजी परभणीतून फुटून हिंगोली जिल्हा झाला. मोक्का लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मुंबई होती. खंडणीचे फोन, सुपाऱ्या, परदेशात बसून टोळी चालवणारे म्होरके मोडून काढायचे होते. हिंगोलीत त्यातलं फारसं काही नव्हतं. त्यामुळे इथे संघटित गुन्हेगारीचा विषय निघाला की बोलणं वाळू, गुटखा आणि मटक्यापाशी येऊन थांबतं. माणसांच्या व्यवहारापर्यंत, त्यातही बायामाणसांच्या, ते क्वचितच पोचतं.

हा जिल्हा पाण्याने दोन भागांत वाटला गेला आहे. वसमतच्या बाजूला येलदरी-सिद्धेश्वरचं पाणी आहे, हळद आहे, ऊस आहे, पूर्णा कारखाना आहे. सेनगाव, औंढा, कळमनुरीच्या डोंगराळ पट्ट्यात आणि तांड्यांवर मात्र खरिपाचं सोयाबीन निघालं की हाताला काम उरत नाही. मग पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांची वाट धरायची. त्या वाटेवर मुकादम उभा असतो.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. पेरणीची उसनवारी अंगावर असते, पोरीचं लग्न किंवा घरातलं दुखणं समोर असतं, तेव्हा मुकादम घरी येतो आणि उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, मोजतो. पैसे घेतो नवरा. मुद्रांकावर सही किंवा अंगठा त्याचाच. कारखान्याच्या आणि मुकादमाच्या वहीत नावही बहुधा त्याचंच. बाई दाराशी उभी असते. तिचे पुढचे पाच-सहा महिने तिच्यादेखत ठरतात आणि तिला कोणी विचारत नाही. फडावर गेल्यावर पहाटे उठून भाकरी तिनेच थापायच्या, दिवसभर पाचट काढून मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायच्या, वाढं विकून चार पैसे उभे करायचे आणि रात्री कोपीत परतल्यावर पाणी शोधायचं. आजारी पडून एक दिवस बुडाला की खाडा लागतो, म्हणजे मजुरी तर जातेच, वर दंडही भरावा लागतो. पाळीच्या दिवसांतही खाडा लागतो.

हंगाम संपून पट्टा पडला तरी उचल फिटत नाही. बाकी पुढच्या हंगामावर जाते आणि माणूसही तिच्यासोबत बांधला जातो. अर्ध्यातून कोणी निघून गेलं, तर मागे राहिलेल्या बायकोला, पोरांना अडवून ठेवण्याचे प्रकार मराठवाड्याला नवे नाहीत.

प्रत्येक मुकादम गुन्हेगार नसतो, हेही लिहिलं पाहिजे. पुष्कळसे स्वतःच कधीकाळी कोयत्यावर होते, आणि वाहतूकदाराच्या पैशाखाली दबलेले आहेत. कारखाना वाहतूक ठेकेदाराला पैसे देतो, ठेकेदार मुकादमाला, मुकादम मजुराला. ही साखळी आपोआप गुन्हा ठरत नाही. मजुराला काम सोडून जाण्याची मुभा उरत नाही, त्या क्षणी ती गुन्हा ठरते. 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने असं कर्ज मुळातच रद्द ठरवलं आहे, आणि ते वेठबिगारीचं कर्ज नाही हे सिद्ध करायची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर टाकली आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये, एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात, किमान वेतनाहून कमी मजुरीत राबवून घेणं हीसुद्धा सक्तीची मजुरी असल्याचं सांगितलं. भारतीय न्याय संहितेच्या 143 व्या कलमात मानवी तस्करीच्या व्याख्येत गुलामगिरी आणि तिच्यासारख्या प्रथा येतात आणि पीडिताची संमती तिथे बचाव म्हणून चालत नाही. 111 व्या कलमाने संघटित गुन्ह्यांच्या यादीत मानवी तस्करी घातली आहे. कायद्यात कमी नाही.

कमी आहे ती ऐकून घेण्यात. पश्चिम महाराष्ट्रातले वाहतूकदार मुकादमांनी लाखो रुपयांना फसवल्याच्या फिर्यादी नेमाने देतात. त्यांची फसवणूक खरी आहे, त्यांना न्याय मिळायलाच हवा. पण त्याच व्यवहारात एखाद्या बाईला अडवून ठेवलं, फडावर तिच्यावर हात टाकला, तर तिची फिर्याद कुठल्या ठाण्यात? घटना कोल्हापूरकडे किंवा बेळगावकडे, घर सेनगाव तालुक्यात, आणि परत येईपर्यंत हंगाम संपलेला. वास्तविक भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 173 व्या कलमाप्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न पाहता कोणत्याही ठाण्यात नोंदवून घ्यावी लागते. सेनगावच्या ठाणेदाराने ‘तिकडं जा’ म्हणायचा प्रश्नच उरत नाही.

बायकांच्या अंगावर या धंद्याने काय लिहिलं, ते बीडमध्ये 2019 साली उघड झालं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. 2024 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने हाच विषय जगापुढे मांडला आणि ही साखर वापरणाऱ्या मोठ्या शीतपेय कंपन्यांना घाम फुटला. दुसरं ओझं मुलींवर पडतं. आईबाप फडावर, तरणी पोर गावात एकटी, म्हणून तिचं लवकर लग्न. आणि नवरा-बायको झाले की कोयताही पुरा होतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यात 20 ते 24 वयोगटातल्या 21.9 टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली होती. परभणीत हा आकडा 48 टक्के निघाला आणि हिंगोलीत एक तृतीयांशाहून अधिक. लग्न लावून देतो म्हणून मुली परराज्यात विकणाऱ्या टोळ्यांना याच घरांचे दरवाजे उघडे सापडतात.

यावर सोपा उपाय म्हणून लोक सुचवतात, की लावा सगळ्यांना मोक्का. तो उपाय घाईचा आहे. मोक्काच्या 18 व्या कलमाखाली पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध चालते, आणि या कायद्यात जामीनही जवळपास अशक्य होतो. असा कायदा साखळीच्या खालच्या टोकाला लावणं सोपं असतं. आत जाईल तो वीस कोयत्यांचा मुकादम, फार तर उचल वाटताना सोबत असलेली त्याची बायको. वरचा पैसा तसाच राहील. मानवी हक्क पीडितेचे असतात तसे आरोपीचेही असतात, आणि जिथे ते पाळले जातात तिथेच तपास खालच्या माणसावर न थांबता वर चढतो.

पीडितेचे हक्क तुडवून केलेली कारवाई काय करते, हे मुंबईने पाहिलं आहे. फेब्रुवारी 1996 मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशावरून कामाठीपुऱ्यात छापे पडले आणि चारशेहून अधिक मुली-बायका सोडवल्या गेल्या. त्यांतल्या पुष्कळ नेपाळच्या. सोडवल्या म्हणजे सरकारी वसतिगृहांत कोंडल्या. घरी जायला महिने लागले, काही तिथेच मेल्या. त्याच वर्षी सांगलीत देहविक्रय करणाऱ्या बायकांनी ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी केली आणि आमच्यावरचे निर्णय आम्हाला विचारून घ्या, असं ठणकावून सांगायला सुरुवात केली. न्यायालयाला तिथे पोचायला चोवीस वर्षं लागली. सप्टेंबर 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मालाडच्या छाप्यातल्या तीन सज्ञान तरुणींना सुधारगृहातून मुक्त केलं आणि सज्ञान बाईला तिच्या इच्छेविरुद्ध डांबता येत नाही, असं स्पष्ट केलं. 2002 साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने तस्करीविरोधी कामासाठी तत्त्वं आखून दिली, त्यांतही हेच आहे: पीडितेला कोंडू नका, तस्करीमुळे तिच्या हातून घडलेल्या गोष्टींसाठी तिच्यावरच खटला भरू नका.

फडावरच्या बाईला हेच लागू होतं. तिला ‘सोडवून’ गाडीत बसवून गावी पाठवलं आणि घरी उचलीचा तगादा तसाच राहिला, तर ती साक्ष देणार नाही. तिला आधी मुक्ती प्रमाणपत्र लागतं. ते देणं जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांच्या हातात आहे. केंद्राच्या 2016 च्या पुनर्वसन योजनेत पुरुषाला एक लाख आणि बाईला दोन लाख रुपये ठरवले आहेत. लैंगिक शोषण किंवा तस्करीतून सुटलेल्या बाईला तीन. बाईचं नुकसान वेगळं आणि अधिक असतं, हे सरकारी कागदाने मान्य केल्याचं हे दुर्मीळ उदाहरण. अडचण अशी, की तातडीची मदत सोडली तर ही रक्कम गुन्हा सिद्ध होण्याशी बांधलेली आहे. वहीत नाव नसलेल्या बाईने आपण तिथे राबत होतो हेच आधी कसं सिद्ध करायचं? तिच्या नावाची नोंद आणि तिच्या खात्यात तिची मजुरी, ही महिला कल्याणाची कामं वाटतात, पण तपासाच्या दृष्टीने तो पहिला पुरावा आहे. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला. त्या वाढीतलं बाईच्या हाती काय आलं, हे सांगणारा कागद कुठेच नाही.

हिंगोलीला हे जमणार नाही असं मुळीच नाही. मार्च 2025 पासून याच जिल्ह्याने ‘संजीवनी’ मोहिमेत आशा कार्यकर्त्यांकरवी जवळपास तीन लाख बायकांना कर्करोगाच्या लक्षणांबद्दल घरोघर विचारलं आणि साडेचौदा हजारांहून अधिक जणींत संशयित लक्षणं टिपली. नवऱ्यालाही न सांगितलेलं दुखणं बायकांनी गावातल्या आशाताईला सांगितलं. पोलिसांच्या गाडीला जे कधी कळणार नाही, ते तिला कळतं.

तेव्हा जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांना विनंती इतकीच: येत्या दसऱ्याच्या आत वेठबिगारी दक्षता समितीची बैठक लावा, तिच्यात ऊसतोड करणाऱ्या बायांना बसवा, आणि कोयते निघण्यापूर्वी आशाताईच्या वहीत चार प्रश्न वाढवा. उचल कोणी दिली? किती? कोणत्या कारखान्याला जाताय? आणि तुला जायचं आहे का? उत्तरं मात्र मुकादमाच्या हाती लागणार नाहीत, अशी सांभाळा. बाई परत आल्यावर तक्रार घेऊन सेनगाव, औंढा किंवा कळमनुरीच्या ठाण्यात आली, तर ती तिथेच, त्याच दिवशी लिहून घ्या.