चढाई फसली, दोष चढाईपटूचा की डावाचा?

कबड्डीचा सामना हरला की आपल्या वस्तीत रात्री उशिरापर्यंत एकच वाद चालतो. मेघवाडी असो, मजासवाडी असो की बांद्रेकरवाडी, कट्ट्यावर दोन तट पडतात. एक म्हणतो, "पोरगा कच्चा पडला, गडी मारायला आत शिरतच नव्हता." दुसरा म्हणतो, "पोराला काय बोलता? प्रशिक्षकाने डावच चुकीचा लावला." अमेरिकेतल्या फुटबॉलमध्येही चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक कमी पडला की लोक असेच भांडतात: दोष त्याचा की त्याला चाल सांगणाऱ्याचा? पण आपल्या घरांत या वादाची किंमत मोठी आहे. कष्टकऱ्याच्या पोराला कबड्डी ही नुसती करमणूक नाही. खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसांत, रेल्वेत लागण्याची ती एक वाट आहे. भलत्याच्या माथी दोष मारला तर पोरगा मैदान सोडतो आणि ती वाट बंद होते.

तेव्हा मित्रहो, भांडण्याआधी हिशेब पाहू.

चढाई ३० सेकंदांची. समोर सहा किंवा सात गडी असतील तरच बोनस मिळतो. पाच उरले की बोनस बंद. गडी टिपूनच गुण आणावा लागतो. संघाच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी निर्णायक ठरते. तीत गुण आला नाही तर चढाईपटू बाद. आता समजा, जुन्या खेळाडूंनी दोन चढाया वेळ काढून रिकाम्या परत आणल्या आणि तिसरीला अठरा वर्षांच्या पोराला पुढे केले. याला आत यावेच लागणार, हे समोरच्यांना ठाऊक असते. ते साखळी धरून वाटच पाहतात. पोरगा पकडला जातो. वहीत अपयश त्याच्या नावावर लागते, पण तो डाव लावला कुणी?

म्हणून सगळे खापर प्रशिक्षकावर फोडावे, असेही नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या सिद्धार्थ देसाईचे उदाहरण घ्या. प्रो कबड्डीत २०१८ साली तो यू मुंबाकडून पहिल्यांदा उतरला. बोली लागली होती ३६ लाख ४० हजारांची. त्याने चढाईत दोनशेहून अधिक गुण मिळवले आणि संघ बाद फेरीत गेला. २०१९ साली तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांना घेतले. तिथेही त्याने दोनशेहून अधिक गुण आणले. प्रशिक्षकही तेच, इराणचे घोलामरेझा माझंदरानी. तरी टायटन्स बारा संघांत अकरावा आला! आणि देसाईला गमावलेला यू मुंबा त्याच वर्षी उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला.

चढाईपटू तोच, प्रशिक्षक तोच, मग फरक कशाचा? यू मुंबाकडे दोन्ही वर्षी कर्णधार फझल अत्राचलीचा डावा कोपरा होता. फरकाची कारणे आणखीही असतील, पण बचावाचे मोल इथे दिसते. चढाईपटू बाद झाला की तो बाहेर बसतो. आपल्या संघाने पकड केली किंवा समोरचा गडी टिपला की तो पुन्हा आत येऊ शकतो. बोनसने कुणी उठत नाही. बचाव भक्कम असेल तर बाद झालेला चढाईपटू लवकर परततो आणि बिनधास्त खेळतो. बचाव ढिला असेल तर तो पाच-पाच मिनिटे बाहेर बसतो, आणि आत आला की बाद होण्याच्या भीतीने मध्यरेषेजवळच घुटमळतो. बघणाऱ्याला वाटते, पोरगा घाबरट आहे.

आपल्या मंडळांनी एक साधे काम करावे. चाळीस पानी वही घ्यावी आणि प्रत्येक चढाईपुढे तीन गोष्टी लिहाव्यात: चढाई पहिली, दुसरी की तिसरी, समोर गडी किती, आणि बाद झाल्यावर तो किती वेळ बाहेर बसला. चार सामन्यांत चित्र स्पष्ट होईल. समोर सात गडी असतानाही पोराला बोनस जमत नसेल, दर वेळी तो एकाच बाजूने शिरत असेल, तर दोष त्याचा. त्याने पायांवर आणि दमावर मेहनत घ्यावी. फक्त तिसऱ्याच चढाईला तो अडकत असेल तर डाव बदला, ओझे दोघा-तिघांत वाटा. आणि तो बाहेरच बसून राहत असेल, तर सरावात कोपरे आणि साखळी पक्की करा.

आईवडिलांनाही एक सांगणे आहे. पोरगा हरून घरी आला की "किती गुण आणलेस?" एवढ्यावरच थांबू नका. "तिसरीला तुला कितीदा पाठवले? बाहेर किती वेळ बसलास?" हेही विचारा. नेमकी चूक कुठे झाली हे कळले, तर दुसऱ्या दिवशी तो स्वतःहून सरावाला जाईल.