कोंड्याचा मांडा कारखान्यालाही जमतो

शिळी पोळी उरली की तिचा कुस्करा होतो, उरलेल्या भाताला फोडणी बसते, जुन्या साड्यांची गोधडी होते. सायीचं लोणी, लोण्याचं तूप आणि तूप कढवून झाल्यावर भांड्याला लागलेली बेरीसुद्धा साखर घालून मुलांच्या हातावर ठेवली जाते. कोंड्याचा मांडा करणं म्हणतात ते हेच. हे शहाणपण आपल्याला कुठल्या कॉलेजात शिकवलं नाही. मग मनात येतं, कोट्यवधींची यंत्रं आणि इंजिनिअरांची फौज हाताशी असलेल्या कारखान्यांना हे का जमू नये? तिथे उरलेलं सगळं नदीच्याच पदरात का पडावं?

मैत्रिणींनो, 'पर्यावरणपूरक उत्पादन' हे शब्द ऐकले की वाटतं, हे मोठ्या शहरातल्या परिसंवादात बोलायचं काहीतरी. आपला काय संबंध? पण कारखान्याच्या धुराड्यातून काजळी येते ती आपण वाळत घातलेल्या कपड्यांवर. पाण्याला वास येतो तो आपल्या हंड्यातल्या. विहीर खराब झाली की दोन फर्लांग जास्त चालावं लागतं ते आपल्याला, आणि आजारी पडलेल्या लेकराच्या उशाशी रात्र काढावी लागते तीही आपल्यालाच. तेव्हा हा विषय आपलाच आहे. त्यावर बोलायचा पहिला मानही आपलाच.

नदीत गावाची गटारंही जातात, हे खरंच. त्याचा जाब नगरपालिकेला विचारायलाच हवा. पण आज बोलायचं ते कारखान्याबद्दल, आणि तेही आपल्या अगदी ओळखीच्या साखर कारखान्याबद्दल.

आपल्या राज्यात साखर कारखाना म्हणजे नुसता उद्योग नव्हे. विठ्ठलराव विखे-पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिला आणि १९५० मध्ये त्याचं पहिलं गाळप झालं. त्यानंतर गावोगावी कारखाने आले, आणि त्यांच्यामागून शाळा, दवाखाने, बाजार आले. अनेकींच्या घरची चूल आजही त्यांच्यावर पेटते. म्हणूनच हा कारखाना नीट चालावा, आणि स्वच्छही चालावा, असं आपल्याला मनापासून वाटायला हवं.

आता जरा हिशेब बघा. घरातल्या वाणसामानाइतकाच सोपा आहे. एक टन ऊस गाळला की साधारण शंभर-एकशेदहा किलो साखर मिळते. पावणेतीनशे-तीनशे किलो चिपाड निघतं, त्याला बगॅस म्हणतात. तीस-चाळीस किलो प्रेसमड आणि चाळीस-पंचेचाळीस किलो मोलॅसिस उरतं. आणि बाकी? पाणी! उसाच्या वजनात सत्तर टक्के पाणीच असतं. रोज पाच हजार टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यात उसाबरोबरच रोज पस्तीस लाख लिटर पाणी येतं. चिपाडात राहतं ते वगळलं, तरी उरलेल्यातलं बरंचसं रस आटवताना वाफ होऊन निघतं आणि ती वाफ थंड केली की पुन्हा हाती येतं. ते नीट साठवलं, गार केलं, स्वच्छ केलं, तर कारखान्याची बरीचशी गरज त्यावरच भागते. असं करणारे कारखाने आपल्याकडे आहेत. तरीही काही ठिकाणी नदीतून पाणी उपसायचं आणि घाण पाणी नदीतच परत सोडायचं, हा उलटा संसार चालूच असतो. २०१६ मध्ये केंद्राने नियम कडक केले. आता एका टन उसामागे जास्तीत जास्त २०० लिटर सांडपाणी बाहेर सोडता येतं, तेही प्रक्रिया करूनच.

चिपाडाची गोष्ट तर सांगण्यासारखी आहे. ते बॉयलरमध्ये जाळून कारखाना स्वतःची वीज करतो आणि उरलेली विकतो. प्रेसमडचं खत होतं. म्हणजे कोंड्याचा मांडा इथेही होतोच की! मग अडतं कुठे? अडतं ते मोलॅसिसपासून अल्कोहोल करणाऱ्या डिस्टिलरीपाशी.

एक लिटर अल्कोहोल तयार झालं की मागे आठ ते बारा लिटर तपकिरी, उग्र वासाचं पाणी उरतं. इंग्रजीत त्याला स्पेंट वॉश म्हणतात; आपण सरसकट 'मळीचं पाणी' म्हणतो. रोज पन्नास हजार लिटर अल्कोहोल करणाऱ्या डिस्टिलरीतून असं चार ते सहा लाख लिटर पाणी निघतं. हे विष आहे का? तसं नव्हे. त्यात असतो तो उसाचाच उरलेला अंश. पण नदीत पडला की तो कुजायला लागतो आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतो. घरातल्या सांडपाण्याला जेवढा प्राणवायू लागतो, त्याच्या शंभर पटीहून अधिक या पाण्याला लागतो. म्हणून तर एका रात्रीत मासे गुदमरतात आणि सकाळी काठावर त्यांचा खच पडतो. 'मळीमिश्रित पाण्यामुळे मासे मृत' ही बातमी पंचगंगाकाठच्या वाचकांना काही नवी नाही.

गंमत म्हणजे याच पाण्यात पैसा आहे. ते बंद टाकीत कुजवलं की गॅस मिळतो, तो जळणाला चालतो. मग ते आटवून घट्ट केलं आणि खास बॉयलरमध्ये जाळलं, तर वाफ आणि वीज मिळते. मागे राख उरते, तिच्यात पालाश म्हणजे पोटॅश भरपूर असतं. हे पोटॅश आपला देश जवळजवळ सगळंच परदेशातून विकत आणतो! म्हणजे एकीकडे परदेशातून खत आणायचं आणि दुसरीकडे तेच खत नदीत ओतायचं. घरात कुणी असं केलं असतं, तर सासूबाईंनी काय म्हटलं असतं, ते सांगायला नको.

मग सगळेच असं का करत नाहीत? कारण साधं आहे. यंत्रणा उभारायला पैसा लागतो, आणि उभारल्यावर ती रोज चालवायलाही लागतो. बसवलेली यंत्रणा आणि चालवलेली यंत्रणा यांत फार अंतर असतं. पाहुणे आले की काढायच्या क्रोकरीसारखी ती तपासणीच्या दिवशी तेवढी चालू करायची आणि एरवी पावसाची किंवा रात्रीच्या अंधाराची वाट बघायची, हा मोह मोठा असतो. 'खर्च परवडत नाही' हे ठरलेलं उत्तर. नथीपेक्षा मोती जड, म्हणे! पण खर्च कुणाला चुकलाय? कारखान्याने तो केला नाही, तर तो नाहीसा होत नाही, फक्त त्याचा पत्ता बदलतो. डॉक्टरांचं बिल, विकतच्या पाण्याचे जार, खारावलेलं शेत, कोळ्याचं रिकामं जाळं, या सगळ्यांत तोच खर्च फेडला जातो. जो कारखाना प्रामाणिकपणे यंत्रणा चालवतो, त्याचाही यात तोटा होतो, कारण शेजारचा चुकार कारखाना स्वस्तात सुटतो. 'प्रदूषण करणाऱ्यानेच त्याची किंमत मोजावी' हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच स्पष्ट सांगितलंय. तामिळनाडूतल्या चामड्याच्या कारखान्यांविरुद्धचा तो खटला होता.

आमच्या बचत गटाच्या बैठकीत हा विषय निघाला, तेव्हा एक बाई चटकन म्हणाली, "ताई, वास सोसवतो हो, पण कारखाना बंद पडला तर चूल कशी पेटायची?" सगळ्या गप्प झाल्या. तिचा नवरा कारखान्यात कामाला आहे. तिचा प्रश्न खोटा नाही आणि त्याला हसण्यावारी नेणं तर फारच वाईट. पण त्या प्रश्नातच एक फसगत आहे. भाकरी की पाणी, यांतलं एक निवडा, असं तिला कुणीतरी पटवून दिलंय. खरं तर दुर्लक्ष करत राहिलं तरच कारखाना बंद पडायची पाळी येते.

तिरुपूरचं उदाहरण बघा. आपण घालतो त्या बनियन आणि टी-शर्टचं हे तामिळनाडूतलं गाव. तिथल्या रंगाईच्या कारखान्यांचं खारट, रंगीत पाणी वर्षानुवर्षं नोय्यल नदीत जात राहिलं. शेतीसाठी बांधलेलं ओरथुपालयम धरण त्या पाण्याने भरलं, शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. ते कोर्टात गेले, कारखान्यांना मुदती मिळाल्या, त्या उलटून गेल्या. शेवटी जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने ७०० च्या आसपास रंगाई कारखान्यांना टाळं लागलं. हजारो कामगारांच्या हातचं काम गेलं. पुढे कारखाने सुरू झाले ते एक थेंबही बाहेर न सोडण्याच्या अटीवर. आता तिथे पाणी शुद्ध करून पुन्हा रंगाईला वापरतात, रंगाईतलं मीठसुद्धा परत मिळवतात. जे आधी 'अशक्य' होतं, ते टाळं लागल्यावर शक्य झालं! मधल्या काळात सोसलं ते कामगारांच्या बायकांनी. आपल्या गावात ही वेळ यायची वाट कशाला बघायची?

कारखाने बदलतात, हे आपण आपल्याच घरात पाहिलंय. जुन्या फ्रिजमध्ये असायचा तो सीएफसी वायू ओझोनच्या थराला भोकं पाडतो, हे कळल्यावर १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला. कंपन्यांनी आधी कुरकुर केली, मग दुसरे वायू शोधले. फ्रिज काही बंद पडले नाहीत. कापडाच्या काही अॅझो रंगांतून कर्करोग निर्माण करणारी द्रव्यं सुटतात, म्हणून जर्मनीने १९९४ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली. माल परत येऊ लागेल म्हटल्यावर आपल्याकडेही हालचाल झाली आणि १९९७ मध्ये असे अनेक रंग बंद झाले. साड्यांचे रंग फिके पडले का? नाही ना! तात्पर्य काय, गिऱ्हाईक आणि कायदा दोघंही ठाम राहिले की 'अशक्य' हा शब्द हळूच मागे घेतला जातो.

आज हे बोलायची घाई आहे, त्यालाही कारण आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठलं. परदेशी तेल कमी लागणार, उसाला भाव मिळणार, ही आनंदाचीच गोष्ट. पण इथेनॉल वाढलं की डिस्टिलऱ्या वाढतात, आणि डिस्टिलऱ्या वाढल्या की ते तपकिरी पाणीही वाढतं. 'हिरवं' इंधन गाडीत आणि काळं पाणी नदीत, असं झालं तर आपण कमावलं काय?

मग आपण काय करायचं? मोर्चाच काढायला हवा असं नाही. आधी हातात आहे ते वापरू या.

घरात कुणाच्या नावावर कारखान्याचा शेअर असेल, तर तो सभासद आहे. अनेकदा तो घरातल्या बाईच्याच नावावर असतो आणि तिला तेवढी सवलतीची साखर ठाऊक असते. सप्टेंबरच्या आसपास वार्षिक सभा होते. अहवाल घरी येतो, तो रद्दीत टाकू नका. साखर किती, भाव किती हे विचारतातच. त्याच्यापुढे विचारा, की नदीतून पाणी किती उचललं? सांडपाणी किती निघालं आणि गेलं कुठे? त्याच्या यंत्रणेवर वर्षभरात खर्च किती झाला? कायद्याने संचालक मंडळात दोन जागा महिलांच्या आहेत. तिथे बसलेल्या ताईंना हे प्रश्न आधी नेऊन द्या. सही करण्यापुरत्या त्या तिथे नाहीत, याची त्यांनाही आठवण राहील.

नवा मोठा प्रकल्प किंवा विस्तार यायचा असेल, तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे अनेक प्रकल्पांना जनसुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना मराठी वर्तमानपत्रात तीस दिवस आधी छापून येते, प्रकल्पाचा सारांश मराठीत मिळतो. अशा सुनावणीला मांडव पुरुषांनी भरलेला असतो. आपण दहा-बाराजणी मिळून जाऊ या. बोलायची भीती वाटत असेल तर लेखी द्या, तेही नोंदवावं लागतं.

चालू कारखान्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र लागतं. किती पाणी सोडायचं, कसं सोडायचं, हे त्यात लिहिलेलं असतं. माहितीच्या अधिकारात त्याची प्रत मागता येते. साखर आणि डिस्टिलरीसारख्या उद्योगांना सांडपाणी चोवीस तास मोजणारी यंत्रं बसवायला केंद्रीय मंडळाने २०१४ मध्येच सांगितलंय. त्यांच्या नोंदीही मागा. पाण्याला रंग-वास आला तर 'नेहमीचंच आहे' म्हणून सोडू नका. तारीख, वेळ, जागा लिहा, मोबाईलवर फोटो काढा आणि मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात तक्रार देऊन पोच घ्या. पोच घ्यायचीच, बरं का!

आणि गिऱ्हाईक म्हणूनही आपलं वजन कमी नाही. पर्यावरणाला कमी त्रास देणाऱ्या मालासाठी सरकारने १९९१ मध्ये 'इकोमार्क' आणला. त्याचं चिन्ह कोणतं, माहीत आहे? मातीचा घडा! फार थोड्या कंपन्यांनी तो घेतला, कारण दुकानात तो कुणी मागितलाच नाही. २०२४ मध्ये त्याचे नवे नियम आलेत. फ्रिज घेताना आपण चांदण्या मोजायला शिकलो, तसा हा घडाही शोधायला शिकू या.

कारखान्याशी आपलं वैर नाही. तो चालावा, वाढावा, आपल्या मुलांना त्यात कामं मिळावीत. फक्त घर चालवताना आपण जो नियम पाळतो, तोच त्यानेही पाळावा: आपला केर शेजाऱ्याच्या दारात ढकलायचा नाही. एवढी साधी गोष्ट मागायला कसला संकोच? येत्या वार्षिक सभेत एकीने उभं राहून विचारलं, तर दुसरीला बळ येईल. बघा, विचारून तर बघा!